हिंदुरावांची चूळ

२२ मे २००८. रुपये एकतीस हजार चारशे बारा.

या तारखेला आमच्या सप्तवेल सोसायटीला मालमत्ता करात एवढी सवलत मंजूर झाली, आणि याच तारखेपासून शेजारच्या हिंदुरावांची विहीर खारट व्हायला लागली. पहिली गोष्ट आम्हाला त्याच दिवशी कळली. दुसरी कळायला दीड वर्ष लागलं. तीही आम्ही होऊन शोधली नाही. हिंदुरावांनी आमच्या ऑफिसात येऊन, आमच्याच नळाच्या पाण्याची चूळ भरून ती आम्हाला सांगितली.

हिंदुराव खराडीचे मूळचे रहिवासी. खराडी महापालिकेत आली तेव्हा ते पन्नाशीत होते. त्याआधी ते रोज पहाटे सायकलला अळूच्या जुड्यांचे दोन भारे बांधून येरवड्यावरून मंडईत जायचे. आयटी कंपन्या आल्या, जमिनीला भाव आला, तेव्हा त्यांनी तीन एकर विकले. त्यातून दुमजली बंगला झाला आणि मुलाच्या, साईनाथच्या, कंपन्यांची माणसं ने-आण करणाऱ्या सहा गाड्या झाल्या. मात्र विहिरीभोवतालचे अकरा गुंठे त्यांनी ठेवले. त्या अकरा गुंठ्यांत अळू, कडेला मेथी, आणि एका बाजूला आमच्या सोसायटीची आठ फुटी भिंत.

हिंदुरावांची ओळख त्यांच्या जिभेवरून. रोज सकाळी विहिरीतून कळशीभर पाणी काढायचं, ओंजळीने तोंडात घ्यायचं, डोळे मिटून या गालातून त्या गालात फिरवायचं आणि डाव्या बाजूला थुंकायचं. उजवीकडे कधीच नाही, कारण उजवीकडे अळू. मग निकाल जाहीर. "आज जरा जड हाय." किंवा "कालच्यापरीस हलकं." त्यांच्या पत्नी आनंदीबाई म्हणायच्या, "लोक सकाळी देवाचं नाव घेत्यात, आमच्याकडं पान्याचं घेत्यात." बंगल्याच्या स्वयंपाकघरात साईनाथने पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं होतं. हिंदुराव त्याला हात लावत नसत. "त्या पान्याला चवच न्हाई. मेल्यावानी लागतंय."

ही जीभ गावाबाहेरही चालायची. मंडईतून परतताना येरवड्याला ते चहाला थांबत, आणि चहाचा घोट घेऊन हॉटेलवाल्याला सांगत, की आज नळ आलेला नाही, टँकर घेतलास. तो हॉटेलवाला म्हणे पुढे पुढे त्यांच्याकडून चहाचे पैसेच घेईना, फक्त गिऱ्हाइकांसमोर बोलू नका म्हणायचा. हे हिंदुरावांनीच सांगितलेलं आहे. हॉटेल आता नाही, त्यामुळे पडताळा करता येत नाही.

माझी त्यांची पहिली भेट २००६ सालची. मी बँकेतला माणूस, शाखा स्वारगेटला, घर पेठेत. मुलाची नोकरी खराडीत लागली म्हणून आम्ही सप्तवेलमध्ये फ्लॅट घेतला. दुसऱ्याच आठवड्यात गेटबाहेर एक धोतर-पैरण घातलेले गृहस्थ अळूच्या जुड्या मांडून बसलेले दिसले. पेठेतल्या सवयीने मी विचारलं, "अळू ओढ्याचं की विहिरीचं?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ओढा तुमच्या पार्किंगखाली गेला सायेब. आता हीरच उरली हाय."

"म्हणजे विहिरीचं."

"न्हाई तर काय, तुमच्या स्विमिंग पुलाचं?"

मी दोन जुड्या घेतल्या. घरी भाजी चांगली झाली, घशाला अजिबात खाजली नाही. सौभाग्यवतींनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवलं आणि ओळख पक्की झाली. पुढे मी सोसायटीचा खजिनदार झालो, तेव्हापासून ते मला "खजिनदार" म्हणू लागले. त्या हाकेत आदर किती आणि चेष्टा किती, याचा हिशेब मला अजून लागलेला नाही.

ओढ्याचं म्हणाल तर ते खरंच होतं. बिल्डरने ओढा एका पाइपात घालून त्यावर पार्किंग केलं होतं. त्या पाइपाला जागोजाग झाकणं होती, आणि जोराचा पाऊस झाला की कुठलं झाकण आधी उचकटणार हे हिंदुराव भिंतीपलीकडून ओरडून सांगायचे. "खजिनदार, तिसऱ्यावरची गाडी काढा!" दोनदा लोकांनी ऐकलं नाही. तिसऱ्यांदा तिसऱ्या झाकणावर उभं राहून कोणी फोनवरसुद्धा बोलेना.

आता मे २००८ कडे येतो. पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्याची सोय असलेल्या सोसायट्यांना करसवलत मिळत होती. आमच्याकडे ती सोय कागदावर चोख होती. भिंतीला लागून आठ फूट खोल खड्डा, त्यात विटांचे तुकडे, खडी, वाळू, आणि गच्चीवरून येणारा एक पाइप. तपासणीला महापालिकेचे साहेब येणार असं पत्र आलं, तेव्हा तो खड्डा खडखडीत कोरडा होता. त्यात एक मांजर व्यालं होतं.

आमचे अध्यक्ष सुदर्शन. वय चौतीस, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, सगळ्यांना काका म्हणणारा चांगला मुलगा. तो म्हणाला, "काका, ड्राय पिट दाखवला तर रिजेक्ट होईल. इम्प्रेशन काय पडणार?"

तेव्हा मी एक सूचना केली. ती माझीच होती; इतिवृत्तात सूचक म्हणून माझं नाव आहे. आमच्या बोअरचं पाणी चुन्याचं, म्हणून ते मऊ करायचा एक प्लांट आम्ही बसवलेला होता. या प्लांटला मीठ लागतं. पाण्यातला चुना प्लांटमध्ये अडकतो, मग दररोज मिठाच्या पाण्याने तो प्लांट धुवायचा, आणि ते धुवण ड्रेनेजला सोडायचं. रोज दीडेक हजार लिटर पाणी असंच वाया जात होतं. मी म्हणालो, तपासणीपुरता तो पाइप खड्ड्याकडे वळवा. पाणी दिसल्याशी कारण.

प्लांट सांभाळायला बद्रीनाथ होता. बुलढाण्याकडचा, चाळिशीचा, सांगितलं तेवढं आणि सांगितलं तसंच करणारा. त्याने मांजर आणि पिल्लं जिन्याखाली हलवली, पाइप वळवला, आणि साहेब आले तेव्हा खड्ड्यात पाणी झुळझुळत होतं. साहेबांनी वाकून पाहिलं, मान डोलावली, सही केली. एकतीस हजार चारशे बारा. इतिवृत्तात मी नोंद केली: "पाइपाची तात्पुरती व्यवस्था करण्यात आली."

सोसायटीत ज्या गोष्टीला तात्पुरती म्हणतात ती कायम राहते. आमच्या गेटवरची तात्पुरती केबिन आज सहा वर्षं आहे. तो पाइप तसाच राहिला. कोणी परत वळवायला सांगितलं नाही, आणि बद्रीनाथने न सांगता कधी काही केलेलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात हिंदुरावांच्या अळूच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी तांबूस, मग कागद जाळल्यासारख्या. पान तळहाताएवढं होऊन थांबायचं. हिंदुरावांनी प्रथम दोष खताला दिला आणि खतवाल्याशी भांडले. मग कंदांना दिला आणि सगळे कंद बदलले. मग सुनेला दिला, कारण तिने एकदा कपड्याच्या साबणाचं पाणी त्या बाजूला ओतलं होतं. सून चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. जिभेला दोष द्यायचं मात्र त्यांच्या मनात येईना. पाणी रोज थोडं थोडं बदललं की रोज चूळ भरणाऱ्याला ते कळत नाही. कालच्यापेक्षा आज फरक नाही, असंच त्यांना रोज वाटत राहिलं.

ते कळलं आनंदीबाईंच्या बहिणीला. ती शिरूरहून आली, विहिरीचं पाणी प्यायली आणि म्हणाली, "अगं, ह्यात मीठ कुनी टाकलं?"

हिंदुरावांना हे फार लागलं. एक तर पाणी खारट, त्यात ते मेहुणीने सांगितलं. पण त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. जमीन विकली त्या वर्षी साईनाथने उरलेल्या अकरा गुंठ्यांचाही विषय काढला होता. तेव्हा हिंदुराव चार माणसांत म्हणाले होते, "ही हीर ज्या दिवशी नासंल, त्या दिवशी मी सही करीन. तवर माझ्याम्होरं कागद आनायचा न्हाई." साईनाथने ते ऐकून ठेवलं होतं. आता त्याच्याकडे एक बिल्डर येऊन गेला होता. त्याला तिथे खाण्याच्या दुकानांची रांग बांधायची होती. साईनाथ वाईट मुलगा नव्हे. त्याला सहा गाड्या लावायला जागा नव्हती, रस्त्यावरून दर महिन्याला एक तरी उचलून नेत होते. तो वडिलांना एवढंच म्हणाला, "आण्णा, तुमीच बोलला होता."

"बोललो व्हतो," हिंदुराव म्हणाले. "पन नासली का नासवली, ते तर बघू दे."

नोव्हेंबर २००९ मधल्या एका रविवारी सकाळी ते आमच्या ऑफिसात आले. हातात कळशी. मी, सुदर्शन आणि मिठाची बिलं घेऊन आलेला बद्रीनाथ, असे तिघे होतो. तेव्हा मी नेमका मिठाच्याच विवंचनेत होतो. पूर्वी महिन्याला पन्नास किलोची आठ पोती लागायची, आता एकोणीस लागत होती. मिठाच्या व्यापाऱ्याने दिवाळीला काजू-बदामाचा डबा पाठवला होता, आणि एवढा मोठा डबा कशाबद्दल, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

हिंदुरावांनी कळशी टेबलावर ठेवली. "खजिनदार, चव बघा."

मी घोटभर घेतलं. मला काही विशेष वाटलं नाही. जरा कडवट, जरा मचूळ. आमच्या नळाला तसंच येत होतं.

"तुमच्या नळाचं आना," ते म्हणाले.

बद्रीनाथने पेला भरून दिला. हिंदुरावांनी तोंडात घेतलं, डोळे मिटले, गालातल्या गालात फिरवलं. मग थुंकायला डावीकडे वळले, तर डावीकडे सुदर्शन बसलेला. तो चपळाईने उठला. हिंदुरावांनी खिडकीतून चूळ टाकली.

"हे तुमचं पानी माझ्या हिरीच्या पान्याचा सख्खा भाऊ हाय," ते म्हणाले. "एका आईची."

सुदर्शन हसला. "काका, जवळजवळ आहे, तर सोर्स सेम असणारच. अंडरग्राउंड कनेक्टेड असतं सगळं."

"तेच म्हनतोय मी. आधी न्हवतं असं. दोन सालाखाली तुमचं पानी मी याच गेटवर प्यालो व्हतो. चुनकट व्हतं, पन खारं न्हवतं. आता दोन्ही खारी. म्हंजी समुद्र खराडीत आला, न्हाई तर कुनीतरी आनला."

सुदर्शनने घरून पाण्यातले क्षार मोजायचा पेनसारखा मीटर आणला. त्याने कळशीत बुडवला, आकडा मोठा आला. पेल्यात बुडवला, त्याहून मोठा आला. त्याने लॅपटॉपमधला दोन वर्षांपूर्वीचा आकडा काढला आणि त्याचं हसू गेलं. "काका, हे तिप्पट आहे. डेटा चुकीचा नसेल तर... शिट."

"हां," हिंदुराव म्हणाले, "पेनाला पन कळलं."

मग ते उठले आणि कोणाला न विचारता आवारात हिंडायला लागले. आम्ही मागे. पार्किंगची झाकणं पाहिली, गच्चीचे पाइप पाहिले, आणि भिंतीजवळच्या खड्ड्यापाशी थांबले. खड्ड्यात पाणी झुळझुळत होतं. नोव्हेंबर महिना, महिनाभर पावसाचा थेंब नाही.

"हे कुठलं?"

 ते गुडघ्यावर बसले, ओंजळ भरली आणि तोंडाला लावली. या वेळी गालात फिरवायची गरजच पडली नाही. त्यांनी ती अशी जोरात थुंकली, की आम्ही तिघेही मागे सरकलो.

"आरं, ह्ये तर लोनच्याचं पानी हाय!"

बद्रीनाथने माझ्याकडे पाहिलं. "साहेब, मले कोनी परत वळवाले सांगतलंच नाही. तुमी तात्पुरतं म्हटलं होतं. मी म्हटलं, साहेब सांगतील."

तेव्हा माझ्या डोक्यात सगळं जागेवर बसलं, आणि ते फार सोपं होतं. बोअरमधून चुना वर यायचा. आम्ही मीठ घालून तो धुवायचो. ते चुना-मिठाचं पाणी या खड्ड्यातून पुन्हा जमिनीत, जमिनीतून पुन्हा बोअरमध्ये आणि भिंतीपलीकडच्या विहिरीत. पाणी अधिक खराब, म्हणून मीठ अधिक. मीठ अधिक, म्हणून पाणी अधिक खराब. दीड वर्ष आम्ही पोत्याने मीठ विकत घेऊन स्वतःच्याच बोअरमध्ये टाकत होतो, आणि प्रत्येक पोत्याच्या बिलावर माझी सही होती.

मी हिंदुरावांना सांगितलं, "ही माझी सूचना. तपासणीला पाणी दिसावं म्हणून." आणि सवलतीचंही सांगितलं, रकमेसकट.

 हिंदुराव म्हणाले, "म्हंजी तुमी माझ्या हिरीचं लोनचं घातलं, आन सरकारानं तुमास्नी बक्षीस दिलं."

 

बद्रीनाथने त्याच दुपारी पाइप ड्रेनेजला जोडला. संध्याकाळी समितीची तातडीची सभा झाली. सुदर्शनने नुकसानभरपाईचा ठराव मांडला. सवलतीची सगळी रक्कम हिंदुरावांना द्यावी, असं मी सुचवलं आणि ते एकमताने मंजूर झालं. एवढं एकमत आमच्या समितीत पूर्वी फक्त चहा मागवण्यावर झालं होतं.

हिंदुरावांनी पैसे नाकारले. "पैसं साईनाथकडं बी हायती. मला पाऊस द्या."

"पाऊस?" सुदर्शन म्हणाला.

"तुमच्या गच्चीवर पडतो त्यो. एवढी मोठी गच्ची, सगळं पानी पाइपातनं ओढ्यात, ओढ्यातनं नदीत, आन वाटंत माझ्या बांधावर चढतंय. त्यो पाइप माझ्या हिरीत सोडा. खारं पानी धुवायला गोडंच पानी लागतंय. तुमच्या पेनाला इचारा."

सुदर्शनने पेनाला विचारलं नाही, पण इंटरनेटला विचारलं, आणि चार दिवसांनी येऊन मला म्हणाला, "काका, ही इज राइट." तो एका प्राध्यापकांशीही बोलला होता. तेही तेच म्हणाले, फक्त त्यांनी त्यासाठी सहा पानं लिहून दिली.

आता प्रश्न मुदतीचा होता. साईनाथच्या बिल्डरला दिवाळीतच उत्तर हवं होतं. हिंदुरावांनी मुलाकडे पुढच्या गौरी-गणपतीपर्यंत वेळ मागितला. साईनाथ मला म्हणाला, "काका, मी थांबतो. पण आण्णांनी सांगायचं. चूळ त्यांनी भरायची आन निकाल त्यांनीच द्यायचा. मी मीटर-बिटर मानणार न्हाई." वडिलांची जीभ खोटं बोलणार नाही याची त्याला खात्री होती. त्याच्या बाजूने हीच सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि हिंदुरावांच्या विरोधातही.

दरम्यान मे महिन्यात सवलतीच्या तपासणीला तेच साहेब पुन्हा आले. बद्रीनाथने आदल्या दिवशी येऊन मला विचारलं, "साहेब, पानी दाखवाचं काय?" मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो पुन्हा काही विचारता झाला नाही. खड्डा स्वच्छ केला होता, वाळू बदलली होती, आणि तो ठणठणीत कोरडा होता. सवलत गेली असं मी धरूनच चाललो होतो. साहेबांनी वाकून पाहिलं, मान डोलावली, सही केली.

मला राहवेना. "कोरडा आहे, चालतं?"

"अहो, मे महिन्यात कोरडाच असणार," साहेब म्हणाले. "मागच्या वेळी पाणी बघून मलाच जरा चमत्कारिक वाटलं होतं. म्हटलं, श्रीमंत सोसायटी आहे, आपण कशाला विचारा."

हे मी हिंदुरावांना सांगितलं नाही. तीन दिवसांनी त्यांनीच मला विचारलं, "कोरडा खड्डा चालतो म्हनं?" बद्रीनाथ आता रोज सकाळी त्यांच्याकडे चहाला जात होता.

जूनमध्ये पाइप टाकला. गच्चीवरून भिंतीपर्यंत आमच्या खर्चाने, भिंतीपलीकडे कुदळ हिंदुरावांची. वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांनी चर स्वतः खणला आणि मला काठावर उभं करून सूचना द्यायला लावल्या. "तुमची सूचना लई कामाची असती, खजिनदार." गच्चीवर कबुतरं फार, म्हणून सुरुवातीच्या तीन सरींचं पाणी बाहेर सोडायचं, तिथे झडप बसवायची, जाळी लावायची, हे सगळं त्यांनी ठरवलं. शेवटच्या वळणावर पाइपाचे दोन एल्बो कमी पडले. आकाश भरून आलं होतं, बद्रीनाथ रजेवर होता. हिंदुराव सायकल काढून स्वतः दुकानात गेले आणि खिशातले छप्पन रुपये देऊन एल्बो घेऊन आले. दुकानदाराने बिल दिलं नाही. यांनी मागितलंही नाही.

तो पावसाळा चांगला झाला. मी रोज बँकेतून आल्यावर गॅलरीत उभा राहून पाइपाचा आवाज ऐकायचो. पार्किंगमधलं तिसरं झाकण त्या वर्षी एकदाही उचकटलं नाही, ही एक जास्तीची गोष्ट झाली. विहीर दोनदा काठोकाठ भरली, आणि दोनदा हिंदुरावांनी पंप लावून तिचं पाणी मिठासकट उपसून टाकलं. लोकांना वाटलं, म्हातारा बिथरला, भरलेली विहीर रिकामी करतोय.

गौरी जेवणाला आनंदीबाईंनी आम्हा उभयतांना बोलावलं होतं. पानात अळूची भाजी होती, पण अळू मंडईतून आणलेलं आहे हे आनंदीबाईंनी आधीच सांगून टाकलं. त्यांच्या मळ्यातली पानं अजून लहान होती, पण कडा हिरव्या होत्या.

जेवणं झाल्यावर साईनाथने कपाटातून बिल्डरच्या कागदांचा लिफाफा आणला आणि ओट्यावर ठेवला.  आम्ही सगळे विहिरीवर गेलो. मी त्या दिवशी घरून निघताना मनाशी ठरवलं होतं, की हिंदुरावांनी गोड म्हटलं तर आपण गोडच म्हणायचं.

साईनाथने कळशी काढली. हिंदुरावांनी ओंजळ भरली. डोळे मिटले. या गालातून त्या गालात. नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग डावीकडे थुंकले आणि तोंड पुसलं.

"खारं हाय," ते म्हणाले.

आनंदीबाईंनी पदर तोंडाला लावला. मी बोलायला तोंड उघडलं. "अहो हिंदुराव, मला तर..."

"खजिनदार, तुमाला चव कळत न्हाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "खारं हाय, साईनाथ. पन गेल्या सालापरीस निम्मं. खोटं कशापायी बोलू."

 साईनाथनेही ओंजळ भरून पाणी तोंडात घेतलं. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं; तो गाड्यांचा माणूस. त्याने ते गिळून टाकलं.

"निम्मं झालं ना?" तो म्हणाला. "मग नासलेली कशी म्हनायची? दुरुस्तीला हाय असं म्हना."

"तसं म्हन," हिंदुराव म्हणाले.

"पन गाड्यांचं काय करू ते सांगा."

हिंदुराव अळूच्या वाफ्यांकडे वळले. भिंतीकडची बाजू अजून करपलेलीच होती, तिथे काही येत नव्हतं. त्यांनी पायाने एक रेघ ओढली. "हितनं तिकडं चार गुंठं तुला. गाड्या लाव. पन तिथं गाडी धुवायची न्हाई. साबनाचं पानी हिरीत आलं तर मी चूळ तुझ्या गाडीत टाकीन."

सून मागे उभी होती, ती हसली. साबणाच्या प्रकरणानंतर ती सासऱ्यांसमोर हसल्याचं मी प्रथमच पाहिलं.

लिफाफा कपाटात परत गेला. चार गुंठ्यांत आता सात गाड्या उभ्या असतात. सात गुंठ्यांत अळू आहे, आणि गेल्या वर्षीपासून पान सुपाएवढं होतं. आमच्या बोअरचं पाणीही उतरलं. मिठाची पोती आता महिन्याला नऊ लागतात, आणि दिवाळीला व्यापाऱ्याकडून फक्त शुभेच्छापत्र येतं. हिंदुराव अजून रोज चूळ भरतात. "कसं आहे?" असं मी भिंतीवरून विचारलं तर म्हणतात, "तुमच्यासाठी गोड हाय. माझ्यासाठी अजून एक पाऊसकाळ."

त्या दोन एल्बोंच्या पैशांचं व्हाउचर मी १९ जून २०१० रोजी तयार केलं. आमच्याकडे बिल नसेल तर घेणाऱ्याची सही लागते. मी ते व्हाउचर घेऊन त्यांच्याकडे अकरा वेळा गेलो आहे. दर वेळी त्यांचा चष्मा सापडत नाही, दर वेळी चहा होतो, आणि दर वेळी निघताना ते म्हणतात, "पुन्हा या, तेव्हा करू सही." दर वर्षी हिशेब तपासनीस त्या नोंदीवर पेन्सिलने खूण करतात. पुढच्या मार्चमध्ये मी बँकेतून निवृत्त होईन आणि खजिनदारपदही सोडीन.

३१ मार्च २०१२ अखेर हिंदुरावांचे छप्पन रुपये सोसायटीकडून देणे आहेत.